डोळे माझ्याकडे होते

मिसाओबाई चेहरा काढायच्या, केस, मनगटं, हातोडा.
डोळे माझ्याकडे होते.
म्हणजे डोळ्यांतली चांदणी:
पांढऱ्या शाईचा एक थेंब वर, दोन बारके खाली,
आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा.
एकोणीस वर्षांची मी. तोक्योच्या कडेला, नेरिमात,
मुळ्याच्या शेताला लागून असलेल्या लाकडी माडीवर
रॉकेलच्या शेगडीपाशी पाय दुमडून
दर महिन्याला एका लोहाराच्या पोरीला
नजर देत होते.

इबुकी तिचं नाव.
बापामागं भट्टी एकटीनं चालवणारी.
संपादक तानिमुरा दरवेळी म्हणायचे,
मनगटं जरा बारीक करा हो,
मासिक मुलींचं आहे, पैलवानांचं नाही.
बाई त्यांच्यापुढं चहा सरकवायच्या
आणि पुढच्या अंकात मनगटं
बोटभर आणखी जाड.

तो शिओन. पियानो वाजवणारा, खोकणारा,
पापण्या इतक्या लांब
की त्यांच्यासाठी वेगळी निब ठेवावी लागे.
त्याच्यामागचे गुलाब मी चिकटवले,
टोनचा कागद पात्यानं कोरून कोरून.
इबुकीच्या मागं ठिणग्या.
ठिणग्यांना वेळ जास्त लागतो.
गुलाब एकदा जमला की सगळे सारखेच.

शेवटचं प्रकरण, फेब्रुवारी.
फोनवर तानिमुरा:
गाडी सुटतेय, बर्फ पडतोय,
ती हातोडा टाकून फलाटावर धावते.
पानभर रडू दे तिला.
बाई म्हणाल्या, "आणि लोखंड?"
पलीकडे नुसती खरखर.
"गार होईल ना, तानिमुरा-सान."

मग त्यांनी शिओनलाच आणून
भट्टीच्या दारात उभा केला,
हातात तिकीट, मफलर अर्धा सुटलेला.
आणि इबुकी मान न वळवता म्हणते:
थांब.
हे पातं पाण्यात जाऊ दे.
मग सांगते, तू मला किती आवडतोस.

रात्रीचे तीन. बाई कोतात्सुत पाय घालून
तिथंच आडव्या झालेल्या, बोटांना शाई तशीच.
मी चांदण्या भरत होते
आणि डोक्यात छापखान्याचा मोगामी.
पहाटे पाचला यायचा पानं न्यायला.
आठ महिने झाले, "थंडी फार आहे"च्या पुढं
त्याचं वाक्य गेलं नव्हतं,
माझं "हो ना"च्या पुढं.
कसं ते अजून सांगता येत नाही,
पण इबुकीच्या गालावरच्या सावलीत
माझ्या हातून एक थेंब ठेवला गेला.
गाल माझ्याकडे नव्हते.

बाई उठल्या. पान दिव्याखाली धरलं.
शेगडीवरची किटली तेवढी बोलत होती.
"हा घाम आहे," त्या म्हणाल्या,
आणि ब्रश माझ्या हातातून घेऊन
कपाळावर तीन थेंब दिले,
एक नाकाच्या शेंड्यावर.
"आगीपुढं उभी आहे, येणारच."
मग ब्रश परत देताना, खिडकीकडे बघत:
"रडू आलं तर रडावं, सुमिए.
पण ज्याच्या त्याच्या गालावर."

त्या अंकानंतर मुलींची पत्रं पोतं भरून आली.
आकिताहून एकीनं फक्त एवढंच लिहिलं होतं,
माझीही मनगटं अशीच आहेत.
ते पत्र बाईंनी शाईच्या दौतीखाली
वर्षभर ठेवलं, गोल डाग पडेपर्यंत.

पण ते नंतर. त्या पहाटे
पाचला जिना वाजला.
मोगामी, खांद्यावर बर्फ, टोपी हातात.
थंडी फार आहे, तो म्हणाला.
मी म्हणाले, थांबा.
शाई वाळायची आहे अजून.
मग एक सांगायचं आहे.

तो उंबऱ्याशी पायरीवर बसला,
बूट न काढता,
आणि बुटांवरचा बर्फ हळूहळू वितळू लागला.
मी आधी ब्रश धुतला.