दोन वेढे

पाटीवर अब्बांचं नाव आहे, फोनवरही.
म्हणून ग्रुपमधले सगळे मला दस्तगीरभाई म्हणतात.
जतचा शिवलिंग, कोईमतूरचा सेल्वम, राजकोटचा एक जण
ज्याच्या फोटोत नुसता गणपती आहे.
"भाई, छत्तीस खाचांना पिच किती धरू?"
"सांगतो," असं मी लिहिते,
बांगड्या कोपराकडं सरकवून.
दुरुस्ती फक्त मोटरींची करायची, असं ठरवलंय सध्या.

पलूसला, एसटी स्टँडच्या मागं, आमचं आठ बाय दहा.
अब्बांचा हात कापायला लागला तेव्हा
मला फक्त वार्निश लावता येत होतं.
बाकीचं त्यांनी दाखवलं नव्हतं.
वेढे मोजताना कारागिरानं
गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायचं असतं,
आणि पोरांकडंही.

मग रात्री, आवाज बंद करून, शिकले.
व्हिडिओतला माणूस मेरठचा की मुरादाबादचा,
कॉइल खाचेत उतरवताना
नेमका तिथंच त्याचा अंगठा आडवा.
एकोणीस वेळा मागं नेलं.
विसाव्या वेळीही अंगठा तसाच,
पण माझ्या बोटांना कळलं
तो काय झाकतोय.

पहिल्या मोटरीनं बुर्लीच्या एका मळ्यात
अर्ध्या तासात धूर काढला.
मी जळक्या गुंडाळीचा फोटो टाकला.
कुणी हसलं नाही.
सेल्वमनं इंग्रजीत लिहिलं,
शब्द अर्धे कळले, आकडे सगळे.
शिवलिंगनं विचारलं, वास कसा येतोय?
आता वास कसा पाठवायचा?
लिहिलं: गुऱ्हाळात काकवी तळाला लागते, तसा.
"मग तार बरोबर आहे, भाई. कागद कमी पडला."
आणि गणपतीचा फोटोवाला: काकवी म्हणजे काय?
त्या रात्री मोटरी राहिल्या बाजूला,
कुठल्या गावात उसाच्या रसाचं काय काय करतात
हेच चाललं दीड वाजेपर्यंत.

परवा शिवलिंगकडं एक मोटर आली.
साडेसात एचपी, नावाची पट्टी घासून गुळगुळीत,
आतली तार कुणीतरी आधीच भंगारात घातलेली.
मोजायला एक वेढा शिल्लक नाही.
तसली मोटर अब्बांच्या वहीत आहे, मला माहीत होतं.
गल्ल्याखाली, दोन रबरं लावलेली लाल वही.
तीस वर्षांचे आकडे.

मी विचारलं नाही. पानाचा फोटो काढला.
बोट बाणावर होतं
तेव्हा ते स्टुलावरून म्हणाले,
"कुठं निघालीय ती?"
"जतला."
"आणि?"
दोनशे अकरा माणसं आहेत ग्रुपमध्ये.
सांगितलं.

ते समोरच्या पंक्चरवाल्याकडं बघत बसले.
त्यानं एक ट्यूब पाण्यात दाबली,
बुडबुडे येईपर्यंत फिरवली,
खूण केली, पुसली.
मला वाटलं, आता वही मागतील.

"बेचाळीस लिवलंय न्हवं?
चव्वेचाळीस कर.
दोन मी कधीच लिवत नव्हतो.
वही कुणी नेलीच, तर मोटर फिरंल त्याची,
पण हंगाम न्हाय काढायची."

"सगळ्या पानांवर, अब्बा?"
"सगळ्या न्हाय. कुठल्या, ते ध्यानात हाय.
ते बोलायचं बटण कुठलं?"

चार मिनिटं बोलले.
पान, आकडा, पान, आकडा,
मध्येच खोकला, एका जुन्या गिऱ्हाइकाला शिवी,
पुन्हा पान.
आयुष्यात एवढं सलग ते माझ्याशी बोलले नव्हते.
मला हसू आलं, ते दाबता आलं नाही.

शिवलिंगचं उत्तर लगेच:
"भाई, आवाज लय बसलाय, जपा.
आणि मागं ती हसतीय कोण?"

अब्बांनी वही माझ्या मांडीवर ठेवली
आणि रबरं स्वतःच्या मनगटात घातली.

मी लिहिलं, आधी मोटर जोडून बघ.
मग सांगते.