मूठ

हाक्याला मी येत नाही, वाडीला ठाऊक आहे.
तरी शिमगा सरला की रावजी जोगळे येतो,
पडवीत बसून चहा पितो,
"फौजी, या खेपेस एक डुक्कर तरी" म्हणतो
आणि मी गुडघ्याचं कारण सांगतो.
गुडघा माझा ठणठणीत आहे.
ज्याचा गेला, तो पऱ्यापलीकडच्या वाडीतला.

त्या बेटावर उतरलो तेव्हा
नारू गोरिवले मागून हळूच म्हणाला,
"आयला, फिरवून परत गुहागरलाच आणलान!"
तेच माड, तीच तांबडी माती,
कुंपणाला पांगारे, खळ्यात मिरच्या,
दुपारी वाऱ्यावर सुकटाचा वास.
घाटावरची पोरं त्या रानात बिचकायची.
आम्ही दोघं नाही.
आम्हाला रान येत होतं.
तीच चूक, असं मी आता म्हणतो;
तेव्हा त्याला कौशल्य म्हणत.

दहा जण. दोघांत पाच पावलं.
खोकला आला तर बाही चावायची.
बुटांत जळवा, मानेवर खाजकुयली,
भिजून वाळलेला, पुन्हा भिजलेला शर्ट,
आणि चार-चार दिवस कुणीच दिसत नाही.
फक्त पाचोळा. तो आपल्याच पायांचा असतो बहुतेक.
बोलणं सगळं हातांचं:
तळवा खाली, बसा.
दोन बोटं डोळ्यांकडे, बघा.
मूठ वर,
असाल तिथं थांबा.

पुढे मी होतो, माझ्या मागे नारू.
कुकुडकोंबा घुमत होता तो एकाएकी गप्प झाला.
आमच्याकडे असं झालं तर समजायचं, वाघरू आलंय.
मी मूठ वर केली.
नारू थांबला.
शिस्तीत थांबला, उजवा गुडघा टेकून,
शिकवलं होतं अगदी तसा.
पाचोळ्याखाली दुधाचा डबा होता, खिळ्यांनी भरलेला.

एक श्वास उशिरा उचलली असती मूठ तर तो
पाऊलभर पुढे असता.
किंवा मी, त्याच्या जागी.
हा हिशोब मी आगरात शिंपणं करताना करतो,
दाढी करताना करतो,
कधी जमत नाही.

रजेवर आलो तेव्हा त्याच्या आईकडे गेलो.
ती खोबरं वाळवत होती, कावळे हाकलत.
तिने कसं झालं ते विचारलं नाही,
मला जबाबदारही धरलं नाही.
एवढंच विचारलंन,
"तिथं माड होते काय रे?"
"होते, काकी."
"मग बरा," म्हणाली,
आणि मला वाटीभर खोबरं बांधून दिलंन.

माझी बायको मानायची, कुणीतरी मूठ मारली आहे माझ्यावर.
दोन कोंबडे कापले, देवळात कौल लावला.
मी तिला अडवलं नाही. खोटं थोडंच होतं?
मूठ होतीच.
माझीच होती, उलटलेली.

काल पुतण्याच्या पोरीला, मनालीला घेऊन
सड्याखालच्या काजूत गेलो होतो.
वास पिकलेल्या बोंडांचा. ऊन करवंदीच्या जाळीत अडकलेलं.
आणि वाटेवर, घोट्याच्या उंचीवर,
मोटारसायकलच्या क्लचची तार.

हात आपोआप वर गेला. मिटलेला.

पोर चालतच राहिली.
तिला कुठे ठाऊक?
तार ओलांडून गेली, बोंड उचललंन, चोखलंन,
मग वळून बघते तर मी तसाच.
"आजोबा, हात का वर केलाव?
बाईंनी प्रश्न विचारलान काय?"

डुकराची फासकी होती. रावजीची.
मी ती कोयतीने तोडली, गुंडाळली, खिशात घातली.
संध्याकाळी तो वाडीभर ओरडत फिरला,
"कुणा मेल्यानं माझी फासकी नेलान!"
मी ओट्यावर बसून ऐकलं. त्या तारेने
मिरीचा वेल बांधलाय पोफळीला, घट्ट.

रात्री मनाली म्हणाली, फौजेतल्या खुणा शिकवा.
तळवा खाली शिकवला.
दोन बोटं शिकवली; ती मांजरावर करून बघितलीन.
"आणि ती मगाची?"
ती काही नाही, म्हटलं.
हात अवघडला होता.