पाचवी वाकळ

अट साधी होती:
ट्रंकेतलं अपुरं पुरं होईस्तोवर
नवं कापड घ्यायचं नाही.
फोनच्या पडद्यावर आम्ही एकोणीस जणी,
बेळगावची, वर्ध्याची, एक तर बहारीनची,
आणि मी, डिचोलीतून.

चवथीआधी चार वाकळा हातावेगळ्या केल्या.
मध्येच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
अर्धा मीटर निळं छापील घेतलं.
ते मोजू नका.

पाचवी फेलिसियानाच्या नातवासाठी धरलेली,
तो पोटात असताना.
मग खाण बंद पडली
आणि घरधन्याचे खाकी शर्ट
एकाएकी मोकळे झाले.
त्यांचंच अस्तर लावलं, खिशांसकट,
आणि तिथेच सुई अडकली.
पोर आता अकराचं. लिस्बनला गोलकीपर.
पसरून पाहिली:
गुडघ्यापर्यंत येईल जेमतेम.

रात्री दिवा खाली ओढला,
टोकाला वीतभर तांबडी चौकडी जोडली,
पुरेना, मग तेच निळं छापील.
धावदोरा वाकडा गेला.
उसवला नाही.

सकाळी फोटो पाठवला तर
वर्ध्याच्या कुंदाताई म्हणतात,
उलटी बाजू दाखव, खरं शिवण तिथं असतं.
उलटीकडे खाकी, सगळं खाकी,
शिवणींत लाल धूळ,
इतक्या धुण्यांनंतरही.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग बहारीनच्या मुलीने विचारलं,
त्या खिशात काय ठेवायचे ते?

मला आठवेना.
घरधनी सोप्यावरून म्हणाले,
बडीशेप.
आणि तू द्यायचीस ती बाजाराची यादी.