सातवा जोड

सराफ्यात रात्री नऊला एक जोड आहे, दिसत नाही.
चांदीवाल्याचं शटर अर्धं खाली येतं
आणि त्याच पायरीवर कढई चढते.
सोनं कुठे संपलं, गराडू कुठे सुरू झाले,
इंदुरात कुणी विचारत नाही.

आमच्या दिग्दर्शकाला तसंच हवं होतं.
सगळा सिनेमा एका श्वासात,
सराफ्यातून राजवाड्यापर्यंत, कुठे कात्री नाही.
कात्री अकरा जागी होती.
एक खांबाच्या सावलीत,
एक भुट्ट्याच्या किसाच्या वाफेत,
दोनदा कॅमेरा असा गर्रकन फिरला
की भिंतींच्या नुसत्या रेघा झाल्या;
त्या रेघांत आम्ही मंगळवारला गुरुवार जोडला.

माझ्याकडे वही.
द्रोण कुठल्या हातात, मेणबत्ती किती जळाली.
सातवा जोड: काळ्या कोटाची पाठ.
नायिकेमागे धावता धावता
कॅमेरा एका म्हाताऱ्याच्या पाठीला जवळजवळ टेकतो,
पडदा क्षणभर काळा,
पाठ सरकते, पुढची गल्ली.

पाठ टिल्लूकाकांची. राहणार रामबाग,
मिलमध्ये टाइमकीपर होते. कोट घरचाच.
"नुसती पाठच? मग दाढी कशाला करायला लावलीत, भिया?"
मी लिहिलं: उजवा खांदा, मागची शिवण
दोन बोटं उसवलेली, आतलं अस्तर पांढरं.

हे कार्तिकातलं. मग नायिकेचा पाय मोडला.
पौषात टिल्लूकाका गेले.
फाल्गुनात पुन्हा उभे राहिलो,
गेर निघायच्या आत उरकायचं होतं,
नाहीतर राजवाडा गुलाबी.

कोट मुलाने घातला, श्रीरंगने.
बापाहून बोटभर उंच, म्हणून अनवाणी चालवला.
सगळं जुळलं,
फक्त खांदा जुळेना.
काकूंनी तो शिवून ठेवला होता,
बारीक टाके, काळा दोरा,
बोट फिरवलं तरी कळू नये असे.

मी वही दाखवली. काय बोलणार?
त्यांनीच कात्री काढून दिली.
ओसरीवर बसून मी एकेक टाका तोडला,
बरोब्बर दोन बोटं.

पडद्यावर बाप काळोखात शिरतो,
मुलगा बाहेर येतो.
चार महिने त्या क्षणात आहेत, कुणाला लागत नाहीत.
पावलं अनवाणी, पण चपलेची करकर
आधीचीच पुढे ओढून घेतली आम्ही,
कानाला खंड पडला नाही की डोळाही फसतो.

पहिल्या खेळाला काकू माझ्या शेजारी.
मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं,
वा, कुठे शिवण म्हणून दिसत नाही.
पडदा काळा झाला, परत उजळला,
श्रीरंगची पाठ बाजूला झाली.
काकू पदराशी चाळा करत माझ्याकडे झुकल्या:
"तो परत शिवायचा राहूनच गेला गं."