अडावदच्या तारांखाली

गाडी घेताना हेमराज बघत होता टायर,
विमा, किती पळाली, कुठे ठोकली.
मी पर्स मागे टाकली आणि रेडिओ लावला.

"डिजिटल हाये ताई," विकणारा म्हणाला
जळगावच्या उन्हात रुमालाने काच पुसत,
"एकदम काचेसारखा."
पडद्यावर केंद्राचं नाव आलं.
आवाज नाही आला.
"पत्र्याखाली धरत नाही," तो म्हणाला,
"बाहेर काढा, मग बघा."

शेजारच्या गाडीला छतात खिडकी होती,
रंगही बरा होता.
मी हीच घेतली.
दारावर पाटी आहे म्हणजे आत कुणीतरी असणार,
एवढाच माझा हिशोब.

यावल ते चोपडा, रोज जाऊन-येऊन.
उजवीकडे सातपुडा, दोन्ही बाजूंना केळी,
आणि पोचल्यावर उपकोषागारातली बिलं,
मंजूर, परत, मंजूर, परत.
रेडिओही तसलाच निघाला.
साकळीपर्यंत बाई स्वच्छ बोलायची,
जणू शेजारच्या सीटवर पदर सावरून बसलीय.
किनगावला अर्धं वाक्य.
पुढे धानोऱ्यापर्यंत काहीच नाही.

जुन्या गाडीत खरखर तरी असायची.
खरखरीच्या आत माणूस खोकला तरी कळायचं,
अंदाजाने बातमी लागायची,
पोहे निवडताना खडा लागतो तशी.
याला खरखर माहीतच नाही.
हा असतो,
नाहीतर नसतो.

एसटी स्टँडमागे सुभान तडवीचं दुकान.
त्याने छतावरच्या काळ्या शेंडीला टिचकी मारली.
पोकळ.
सुरीने उचकटली: आत एक मेलेली गांधीलमाशी
आणि चिकटवल्याचा डाग.
"शोभेची हाये," तो म्हणाला. "वायरच नाही तिला."
फैजपूरच्या कुठल्या डॉक्टरने लावली असेल ती,
आणि इतकी वर्षं मागच्या गाड्यांना वाटलं असेल
हा माणूस काहीतरी ऐकतोय.

सुभानने हातभर लांब काडी बसवली.
बसवण्याआधी रंग खरवडला,
उघडं लोखंड चमकेपर्यंत.
माझा जीव गेला, नवीन रंग होता.
"वरचं आयकायचं आसलं
त खालचा वायर आधी घट्ट पायजे," तो म्हणाला.
मग इंजिन चालू केलं,
दिवे लावले, पंखा लावला, एकेक बंद केलं,
डॉक्टर पोट दाबून विचारतात तसं,
इथे? इथे?
शेवटी माझ्या फोनचा चार्जर उपटला.

बाई बोलायला लागली.

"सगया गोंधय याचा," चार्जर चिमटीत धरून म्हणाला,
उंदीर धरावा तसा.
"दोन्ही नाही चालणार?"
"चालतीन. चांगला चार्जर घ्या. आठराशेचा."
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.

ते बोलणं भरताच्या दिवसांतलं.
आता पन्ह्याचे दिवस आलेत.
चार्जर डिकीत आहे, रबर लावून.
वाटेत फोन मरतो.
बोरोले साहेबांना सांगितलंय, त्या रस्त्याला रेंज नसते.
हेमराजला सांगितलंय, जुनी बॅटरी.
नणंदेला काहीच सांगितलं नाही,
तिला तसंही कळतं.
पन्नासेक मिनिटं मला कुणी विचारत नाही
कुठे पोचलीस,
डबा घेतलास का, त्या बिलाचं काय झालं.
एक बाई बोलते,
माझ्याशी नाही,
आणि मी ऐकते.

फक्त अडावदच्या अलीकडे,
जिथे मोठ्या तारा रस्ता ओलांडतात,
तिथे सुभानचंही काही चालत नाही.
तिथे तो नसतोच.
काल बाई केळीच्या करप्याबद्दल सांगत होती:
"पानावर पिवळे ठिपके दिसले, तर घाबरून न जाता सर्वप्रथम..."

एक. दोन. तीन.
मळ्यातला पंप. एक कुत्रं सावलीत.
सात. आठ.

"...आणि मग हात स्वच्छ धुवावेत."

मी हसले, एकटीच,
गिअर बदलला.
मधलं काय ते केळीवाल्यांना विचारीन,
किंवा नाही विचारणार.
चोपड्याला उतरून आधी नळाकडे गेले.