दीड स्टॉप

दांडिया बाजारात दुपारी दोनला अर्धं शटर खाली.
आत पंखा, बाहेर चव्वेचाळीस,
आणि प्रिंटरमधून इंच-इंच सरकत
अस्वल.

आधी कान आले. मग बराच वेळ नुसता कागद,
वाटलं शाई संपली.
मग नाक.
एवढ्या पसाऱ्यात तेवढंच काळं.

वैदर्भी खोपकरनं पाठवलंय, आर्क्टिकहून.
कॉलेज बुडवून माझ्या पासपोर्टच्या स्टुलावर बसायची ती.
विश्वामित्रीच्या चिखलात पालथी पडून
तीन-तीन तास मगरींचे डोळे टिपायची.
तिला एवढंच सांगितलं होतं:
मीटरचं ऐकू नकोस.
त्याला सगळं जग करडं हवं असतं.
चुन्याची भिंत दाखव, करडी करील,
नवरीचं पानेतर दाखव, करडं करील.
पांढऱ्याला पांढरं म्हणायचं
तर दीड स्टॉप पदरचे घालावे लागतात.

ती लिहिते:
काका, बोटं उघडी ठेवली तर जातात,
झाकली तर बटण सापडत नाही.
बॅटऱ्या काखेत उबवते.
अकरा दिवस नुसतं धुकं.
बाराव्या दिवशी मादी आली, बोटीकडे तोंड करून.
दीड दिले, पुरले नाहीत. दोन दिले.
आणि ऐका, ती पिवळट आहे. सीलच्या चरबीनं.
तशीच राहू द्या.
केसांखाली कातडी काळीच असते त्यांची.

सकाळी फाइल उघडली
तेव्हा हात सवयीनं पिवळ्यावर गेलाच होता.
चाळीस वर्षं या गावात मी मुली उजळ करून दिल्या.
काका, जरा गोरी करा, स्थळ चांगलं आहे.
केल्या. पुढे दारात काय झालं
ते विचारायला कधी गेलो नाही.

वैदर्भीचाही केला होता.
तिच्या आईनं आणलेला, हिरव्या साडीतला.
तिनं तो काउंटरवर उलटा ठेवला,
फिल्मचे दोन रोल उधार घेतले
आणि नदीकडे गेली.
ते पैसे अजून वहीत आहेत.

माउस सोडून दिला.
पिवळं राहिलं.

आता छाती आली, पंजे आले,
पंजांखाली बर्फ, त्यात थोडं पाणी.
शेवटच्या चार इंचांत, मागच्या पायाआडून,
पिल्लू.
तिनं त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.
सरळ माझ्याकडे बघतंय.

बाहेर कुणीतरी शटर वाजवलं.
हलू नकोस, मी म्हणालो.