बावीस पायऱ्या

हिंदुरावमामा आणि अनुसयामामी येणार म्हटल्यावर
मी आठवडाभर आधीच हॉटेलं बघून आले,
स्थळं बघावीत तशी.

ताराबाई पार्कातल्या पहिल्यात उजेड इतका कमी
की मेनू कार्डावर मोबाईलची बॅटरी मारावी लागली.
मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून अंधाराशी बोलत नाही.
राजारामपुरीतल्या दुसऱ्यात उंच स्टुलं.
मामीचे गुडघे एकवेळ चढतील, उतरवणार कोण?
तिसरं गच्चीवरचं. समोर रंकाळा, वर दिव्यांच्या माळा.
मला फार आवडलं.
बावीस पायऱ्या. कठडा एकाच बाजूला.
चौथ्यात ताटाऐवजी काळी फरशी आली,
तिच्यावर चटणीचे चार थेंब आणि कसलंसं एक पान.

बँकेतली शर्वरी म्हणाली,
"म्हातारी माणसं ना? कुठंही ने, दहीभात मागव."
ती पुण्याची. तिला काय सांगायचं?
बाहेरची माणसं तांबडा रस्सा धाडस म्हणून पितात,
नाक पुसतात, फोटो काढतात.
मामाला तो वरणासारखा.
त्याचं धाडस म्हणजे पनीर.
एका लग्नात खाल्लं होतं, पंधरा वर्षं झाली,
"खोडरबर," अजून सांगतो.

शेवटी रंकाळ्याच्या मागच्या बोळातली खानावळ धरली.
एकच पायरी, तीही झिजून अर्धी.
मोरीपर्यंत चालून आले, कडी लागते का बघितलं.
मालकाला विचारलं, पंख्याचा वारा कुठल्या टेबलावर येत नाही?
तो हसला. "पाव्हणं वयस्कर हायीत व्हय?"

रविवारी मामा कडक इस्त्रीची टोपी घालून आला.
कारखान्याच्या वजनकाट्यावर छत्तीस वर्षं काढलेला माणूस,
समोर आलेलं ताट आधी नजरेनं तोलतो.
पोऱ्यानं एका दमात सगळी नावं म्हणून दाखवली.
मामा म्हणाला, "तेच द्या."
तेच म्हणजे काय, ते पोऱ्याला बरोबर कळलं.

भाकरी आली, पापुद्रा सुटलेली.
मामानं ती पांढऱ्या रश्श्यात कुस्करली
आणि मटणाकडं बघितलंसुद्धा नाही.
"पोट जड हाय आज."
मागच्या खेपेला गुरुवार होता.
त्याच्या आधी संकष्टी.

मग मला दिसलं.
मामी माझ्याशी बोलता बोलता
हाडावरचं मटण नखानं सोडवत होती,
बारीक करत होती,
आणि त्याच्या ताटात भाताखाली सरकवत होती,
परीक्षेत कॉपी पुरवावी तसं,
माझ्याकडंच बघत.
नवी कवळी बसत नाही, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.
आणि आम्ही आपले इतकी वर्षं हसतोय,
मामाला दुसरं काही चालतच नाही म्हणून.

पाच वाट्या रस्सा गेला.
हात धुताना म्हणाला, "तिखट काय खास न्हवतं."
डोळे लाल, टोपी मागं सरकलेली.
"फुडच्या खेपेलाबी हितंच यायचं."

बोळातून बाहेर पडलो तर मामी थांबली.
मान वर करून गच्चीवरचे दिवे बघत राहिली.
"वर काय असतंय गं?"
"हॉटेल आहे, मामी."
"काय मिळतंय?"
"काय काय. नावं मलाही नीट सांगता यायची नाहीत."
"लई वर हाय?"
"बावीस पायऱ्या."
तिनं दिव्यांवरची नजर माझ्याकडं वळवली.
"मोजल्यास व्हय?"

मामा पुढं जाऊन रिक्षाला हात करत होता.
मामीनं चपलेत अंगठा नीट घातला,
पदर खोचला,
आणि हळूच विचारलं,
"कठडा हाय का?"